रंगाआधी खाचा मोजा

जर्मन पाणबुडीचं मॉडेल करणारे राखाडी रंगाच्या छटेवरून हमरीतुमरीवर येतात, पण बोटीच्या कुशीवरच्या खाचा मोजायला कुणी तयार नसतं. ही उलटी गंगा आहे. या पाणबुड्यांतल्या टाइप सात-सी बोटींच्या बाहेरच्या कवचाला पाणी आतबाहेर व्हायला खाचा असत आणि त्यांची मांडणी गोदीगणिक बदले. यातली यू-९६ कीलच्या गेर्मानियावेर्फ्ट गोदीतली. तिच्या मनोऱ्यावरचं हसऱ्या करवतमाशाचं चिन्ह हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फोस गोदीच्या खाचा असलेल्या बोटीवर चिकटवलं, की ती यू-९६ राहत नाही. मग रंग कितीही झकास असो.

जर्मनीतल्या लाबोच्या किनाऱ्यावर यू-९९५ ही पाणबुडी आजही उभी आहे. आकार, जोड, खाचा बघायला उत्तम. पण १९७२ पासून ती संग्रहालय आहे. तिच्या आजच्या रंगावरून १९४४ची छटा कशी ठरवणार? त्या काळचे बहुतेक फोटो कृष्णधवल. तेव्हा छटेवर भांडणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

मॉडेल करताना मी आधी खोक्यातले कठडे कापून टाकते. १:७२ मापात एक मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा कठडा म्हणजे प्रत्यक्षात सात सेंटिमीटरहून जाड नळ! खलाशाच्या मुठीत मावायचा नाही. त्याजागी अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार लावते, मग रंगाचे दोन पातळ हात. गंजाची मात्र हल्ली नुसती उधळण चालते. बोट गस्तीवर निघाली आहे की परतली आहे, हे आधी ठरवा, मग तपकिरी रंगाची बाटली उघडा. आणि खोक्यातली सगळी चिन्हं चिकटवलीच पाहिजेत, असं कुणी सांगितलंय?