९.८ आधीच लिहू नका

शाळेतल्या प्रयोगवह्यांमध्ये एक गंमत हमखास दिसते. लंबकाचा प्रयोग असतो. त्यातून गुरुत्व त्वरण काढायचं असतं, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते. उत्तर सगळ्यांना आधीच पाठ असतं: ९.८. मग निरीक्षणं अशी 'जुळवली' जातात, की उत्तर बरोब्बर तेवढंच येतं!

मी महाराष्ट्रात मराठी माध्यमात शिकलो. तिथे हा प्रकार सर्रास चालायचा. इथे आयर्लंडमध्येही लीव्हिंग सर्टच्या फिजिक्समध्ये हा प्रयोग वर्षानुवर्षं होत आलाय. म्हणून माझं मत सरळ सांगतो: जे उत्तर आलं तेच लिहा, पाठ असलेलं नको.

प्रयोग घरीही करता येतो. एक जड नट दोऱ्याला बांधून टांगा. दोरा जिथे बांधला, तिथून नटाच्या मध्यापर्यंत एक मीटर अंतर ठेवा. अगदी छोटा झोका द्या. नट एकदा जाऊन परत आला, की एक दोलन झालं. अशी तीस दोलनं मोजा. समजा, ६०.२ सेकंद लागले. म्हणजे एका दोलनाला साधारण २.००७ सेकंद. लांबी एक मीटर असेल, तर ३९.४८ ला (४ गुणिले पायचा वर्ग) २.००७ च्या वर्गाने भागा. उत्तर ९.८० येतं.

पण स्टॉपवॉचचं बटण ०.२ सेकंद उशिरा दाबलं, तर उत्तर ९.७४ येईल. मग ९.७४ च लिहा आणि फरक कशामुळे पडला असेल, तेही लिहा. खरं शिकणं तिथेच होतं.

शिवाय, ९.८ हा आकडा सगळीकडे सारखा नसतोच! पृथ्वी विषुववृत्तापाशी थोडी फुगलेली आहे आणि ती स्वतःभोवती फिरतेही. त्यामुळे गुरुत्व त्वरण डब्लिनला सुमारे ९.८१४, तर मुंबईला सुमारे ९.७८६ असतं. डब्लिनमध्ये अचूक चालणारं लंबकाचं घड्याळ मुंबईला नेलं, तर ते रोज जवळजवळ दोन मिनिटं मागे पडेल.

हा फरक मोजायला एक डब्लिनकर जगभर फिरला. एडवर्ड सॅबीन यांचा जन्म १७८८ मध्ये डब्लिनला झाला. १८२२-२३ मध्ये ते धातूचे लंबक घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून उत्तरेला स्पिट्सबर्गेनपर्यंत गेले. ठिकठिकाणी दोलनं मोजून त्यांनी पृथ्वीचा आकार काढला. सगळीकडे एकच आकडा 'जुळवला' असता, तर त्यातून काहीच कळलं नसतं.

गोष्ट इथे संपत नाही. कॉम्प्युटरच्या इतिहासात ज्यांचं नाव आधी येतं, ते चार्ल्स बॅबेज. १८३० च्या आपल्या पुस्तकात त्यांनी सॅबीन यांच्याच निरीक्षणांवर शंका घेतली. हे आकडे एकमेकांशी इतके कसे जुळतात? त्याच पुस्तकात त्यांनी सोयीचे आकडे तेवढे निवडण्याला 'कुकिंग' म्हटलंय, म्हणजे आकडे शिजवणं! आकडे फारच छान जुळले, तरी संशय येतो तो असा.

तुम्ही म्हणाल, "पण मार्क जातील ना!" माझ्या मते, दोन-चार मार्कांपेक्षा खरं लिहायची सवय मोठी आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे न जुळणारा आकडाच बहुतेक वेळा चूक कुठे आहे ते दाखवतो. तो लपवला, तर चूक तशीच राहते.

सुट्टीत भारतात जाल, तेव्हा तोच नट आणि न ताणला जाणारा दोरा घेऊन जा. दोन्हीकडे तीनशे दोलनं मोजा. मुंबईत सुमारे पाऊण-एक सेकंद जास्त लागायला हवा. लांबी मात्र नीट मोजा. ती तीन मिलिमीटरने चुकली, तरी हा फरक दिसणार नाही.

फरक दिसला तर लिहा. नाही दिसला, तर तेही लिहा.