काचेबाहेरचा पडदा

मार्च उतरणीला लागला की दिल्लीत रस्त्याकडेला सरकंड्याच्या गवताचे मूढे, म्हणजे बसायची स्टुलं, आणि चिकांच्या गुंडाळ्या रचलेल्या दिसू लागतात. चीक म्हटलं की मराठी माणसाला आधी खरवस आठवतो. पण ‘चिकाचा पडदा’ हाही आपल्या जुन्या बोलण्यातलाच शब्द. वाड्यांत, दरबारांत बायका या पडद्याआड बसून कीर्तन ऐकत, गाणं ऐकत. त्यांना बाहेरचं सगळं दिसे, बाहेरच्याला आतलं काही दिसत नसे. नजर अडवायची आणि वारा जाऊ द्यायचा, हे त्या पडद्यातल्या बांबूच्या कामट्यांचं कसब. दिल्लीत हेच कसब उन्हाशी झुंजायला वापरतात.

मी वाढले नागपुरात. एप्रिल लागला की खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागत आणि दुपारी त्यांच्यावर पाणी मारायचं काम आम्हा मुलांकडे असे. त्यामुळे नोएडात नवव्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड असलेलं घर घेताना उन्हाचं भय वाटलं नाही. पहिल्याच मे महिन्यात ते वाटलं. दुपारी चार वाजता बैठकीच्या काचेला हात लावला की चटका बसे. आधी आतून जाड कापडी पडदे लावले. मग एका दुकानातून सोफ्याला शोभणारा बांबूचा ब्लाइंड आणला, तोही आतूनच लावला. खोली अंधारी झाली, तापायची मात्र तशीच तापत राहिली.

ऊन काचेतून सरळ आत येतं, पडद्यावर पडतं आणि पडदा तापतो. तापलेल्या पडद्यातून निघणारी उष्णता मात्र काच तितक्या सहज बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे आतला पडदा उन्हाला अडवतो खरा, पण ते घरात शिरल्यावर. तोच पडदा काचेबाहेर टांगला तर तापायचा तो बाहेर तापतो आणि त्याची उष्णता वारा घेऊन जातो. हे कळायला मला दोन उन्हाळे लागले. नवी दिल्लीतल्या जुन्या बंगल्यांचे चीक व्हरांड्याच्या कमानीत, खिडकीपासून चांगले आठ-दहा फूट बाहेर टांगलेले असतात. ती जागा नुसत्या शोभेसाठी निवडलेली नव्हती.

म्हणून चीक घेण्याआधी दुकानात जाऊ नका, गच्चीवर जा आणि दिशा बघा. २१ जूनला दिल्लीत भरदुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर, ८५ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीला तेव्हा वीतभर छज्जाही पुरतो. खरा छळ पश्चिमेचा. सूर्य खाली उतरून थेट समोर येतो, छज्ज्याखालून घरात घुसतो आणि जूनमध्ये मावळतो तो पश्चिमेच्या २७ अंश उत्तरेला. त्यामुळे सुरक्षित समजलेली वायव्येची खिडकीसुद्धा संध्याकाळी भाजून निघते. पैसे मोजकेच असतील तर पहिला चीक पश्चिमेला, दुसरा पूर्वेला लावा. दक्षिणेचा राहिला तरी चालेल. आणि लावलाच असेल तर डिसेंबरात तो पूर्ण वर गुंडाळा. तेव्हा दुपारचा सूर्य ३८ अंशांवर असतो, थेट पलंगापर्यंत येतो, आणि दिल्लीच्या थंडीत त्या उन्हासारखं दुसरं सुख नाही.

आमचा चीक विणला तो रस्त्याकडेला बसणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने. छातीइतक्या उंचीवर एक आडवा बांबू, त्यावरून सोडलेले दोरे, दोऱ्यांच्या टोकांना वजनाला दगड. एक काडी आडवी ठेवायची, पुढचा दगड मागे आणि मागचा पुढे टाकायचा, की काडी बांधली गेली. पुन्हा दुसरी काडी. ना माग, ना यंत्र. मी त्यांना ‘चाचा’ म्हणायचे, ते मला ‘बेटी’. मी त्यांना सरकंडा चांगला की बांबू, असं विचारलं. त्यांनी उलट विचारलं, कुठे लावणार? सरकंडा म्हणजे यमुनेच्या खादरात, म्हणजे पुराच्या सखल जमिनीत, आणि हरियाणाच्या कोरड्या बांधांवर वाढणारं उंच गवत. वजनाला हलकं, स्वस्त, आणि काड्यांच्या फटीतून वारा छान येतो. पण पावसाचं पाणी बसलं की तो काळा पडतो. बांबूच्या कामट्या जड, महाग, पण उन्हापावसात जास्त टिकणाऱ्या. बाल्कनीला बांबू घ्या, आतल्या दाराला सरकंडा, असा त्यांचा सल्ला. तो खरा ठरला.

कामट्या घेताना एक परीक्षा करा. चीक पांढऱ्या कागदावर आपटा. पिवळसर पीठ पडलं तर आत भुंगेरा आहे, तो चीक घेऊ नका. बांबूतल्या पिष्टावर ही कीड जगते. हिवाळ्यात तोडलेल्या बांबूत पिष्ट कमी असतं, आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवलेल्या बांबूला कीड सहसा लागत नाही. मागच्या बाजूला कापड लावायचं असेल तर फिक्या रंगाचं लावा आणि ते फक्त पश्चिमेच्या चिकाला. कापडाने ऊन अडतं, पण वाराही अडतो. कडा नवारीच्या हव्यात. नुसत्या दोऱ्याच्या कडा एका उन्हाळ्यात उसवतात. हुबेहूब कामट्यांसारखे दिसणारे प्लास्टिकचे चीकही मिळतात. पाऊस खाणाऱ्या बाल्कनीला लोक ते घेतात. मला ते पटत नाहीत. उन्हाने त्यांचा भुगा होतो आणि तो भुगा कुठल्याही मातीत मिसळत नाही.

उंच मजल्यावर टांगताना हयगय नको. दोन्ही बाजूंनी वरपासून जमिनीपर्यंत ताणलेली तार आणि तिच्यात अडकवलेल्या कड्या हव्यातच. नाहीतर मे महिन्यातली आंधी चीक उचलून कुणाच्या तरी डोक्यावर टाकेल. एसीच्या बाहेरच्या यंत्रावर चीक सोडू नका, त्याला मोकळा वारा लागतो. ओढायची दोरी लहान मुलांच्या हाताला लागेल अशी लोंबकळत ठेवू नका. तिच्यात मान अडकून मुलं दगावली आहेत. भिंतीत उंचावर खुंटी ठोकून तिला गुंडाळा. दिवाळीच्या दिवसांत चीक काढून ठेवा. सुकलेला बांबू आणि भरकटलेलं रॉकेट यांची गाठ पडू देऊ नये. गुंडाळलेल्या चिकात कबुतरं घरटं करतात, म्हणून आठवड्यातून एकदा तो पूर्ण खाली सोडा, कोरड्या कुंच्याने धूळ झाडा.

या बांबूमागे आपल्याकडचीही एक गोष्ट आहे. बांबू वनस्पतिशास्त्रात गवत, पण १९२७च्या वन कायद्यात तो ‘झाड’ होता. शेतात लावलेला बांबू तोडून न्यायचा म्हटलं तरी परवान्याचा जाच. जंगलाबाहेरच्या बांबूची त्यातून सुटका झाली ती २०१७च्या दुरुस्तीने. त्याआधी गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव वनहक्क कायद्याच्या आधाराने आपल्या जंगलातल्या बांबूसाठी लढलं आणि २०११ मध्ये वाहतुकीचा पास देण्याचा अधिकार ग्रामसभेने मिळवला. आपल्या बुरूड आळ्यांतल्या सुपांनी, टोपल्यांनी, करंड्यांनी या कायद्याची झळ पिढ्यान् पिढ्या सोसली. म्हणून विणणाऱ्याशी चौरस फुटामागे दहा रुपयांची घासाघीस करताना माझी जीभ आता अडखळते. दोन माणसांचे दोन दिवस त्या एका पडद्यात गुंतलेले असतात.

आता मुख्य गोष्ट. आमचा चीक लागला आणि आठवड्यातच सोसायटीची नोटीस आली की इमारतीचं रूप बिघडतं, काढा. शेजारच्या तीन घरांनाही तीच नोटीस. दिल्ली परिसरातल्या कितीतरी गृहसंकुलांत हेच चालतं. चीक पडेल ही भीती रास्त आहे, त्यासाठी तारेचा, वजनाचा, पक्क्या बोल्टचा नियम जरूर करा. पण रूपासाठी माणसांना भाजत ठेवू नका. २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत पारा ४६.८ अंशांवर गेला होता. असे दिवस पुन्हा येणार. सरकारने २०१८ मध्ये घरांसाठी काढलेल्या ‘इको-निवास संहिते’तही खिडकीवरचे छज्जे आणि बाजूचे आडोसे यांच्या सावलीचा हिशेब धरला आहे. ऊन भिंतीबाहेरच अडवावं, हे त्यामागचं तत्त्व.

आमच्या संकुलाच्या सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडला आहे. एकाच रंगाचे, तारेने बांधलेले चीक एप्रिल ते सप्टेंबर पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या बाल्कन्यांना लावू द्यावेत. तुमच्या सोसायटीतही असा ठराव मांडा. मार्चच्या आधी मांडा, म्हणजे विणणाऱ्यांनाही वेळ मिळेल.