पोट कमावताय की कंबर?

गेल्या सुट्टीत रत्नागिरीला मामाकडे गेले होते. सकाळी मांडवीच्या काळ्या वाळूवर मामेभाऊ माझे पाय दाबून बसला आणि मी दणादण पन्नास सिट-अप्स मारले. दुपारी पोट मजेत, कंबर मात्र ठणकत होती! असं का?

उत्तर आहे ईएमजीमध्ये. इलेक्ट्रोड लावून स्नायूचे विद्युत संकेत टिपायचे आणि पूर्ण ताकदीच्या तुलनेत तो किती टक्के राबतोय, ते बघायचं. यातला खरा संशयित म्हणजे सोआस. कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा, खोलवर दडलेला. त्याच्यासाठी थेट स्नायूतच बारीक तार घालावी लागते. कॅनडातले स्टुअर्ट मॅकगिल आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये असे आकडे प्रसिद्ध केले. सिट-अपमध्ये सोआस भरपूर राबतो, कर्ल-अपमध्ये कमी. पाय दाबून धरले की त्याचं आणखीनच फावतं. तो मांडी ओढतो आणि मणक्यांवर दाब वाढतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आपल्या कमरेला हे कशाला हवंय?

त्यापेक्षा मॅकगिल यांचा कर्ल-अप करा. एक गुडघा वाकवा, तळहात कमरेखाली ठेवा, डोकं-खांदे जेमतेम उचला. बस्स!

कंबर शांत झाल्यावर एका संध्याकाळी मांडवीवर असे दहाच केले. भावाला पाय धरायचं कामच उरलं नाही. मग त्याला भेळ आणायला पिटाळलं!