हरिश्चंद्राचे हाल आणि कुणब्याचे डोळे

शिमगा आला म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात गावोगाव मृदंग वाजू लागतो. पालखी घरोघर फिरते, मुंबईचे चाकरमानी रजा काढून येतात आणि खेळ्यांच्या अंगावर झगे चढतात. गण होतो, गवळण होते, संकासुर आपली उंच टोपी हालवीत पोरांस भिववितो, आणि रात्र चढल्यावर वग उभा राहतो. नमन-खेळे ही बहुतांशी आमच्या कुणबी बांधवांची कला होय. तिला कोणा संस्थानिकाचा आश्रय नव्हता, की सावकाराचे पाठबळ नव्हते. दिवसा भाजावळ करणारे हातच रात्री मृदंगावर पडत आले. ह्या कलेचा आम्हांस अभिमान आहे, आणि म्हणूनच तिच्यासंबंधी दोन शब्द स्पष्ट बोलण्याचा अधिकार आम्ही घेत आहो.

आमचा प्रश्न वगाच्या विषयाचा आहे. राजा वनात जातो, राणी दासी होते, लेकरू मरते, आणि अंगणात बसलेल्या बायाबापड्या पदराने डोळे पुसतात. ठीक आहे. परंतु एवढ्या हालांतून निघालेला तो राजा अखेरीस कसा होऊन बाहेर पडतो? आरंभी होता तोच, की दुसरा कोणी?

हरिश्चंद्राचेच उदाहरण घेऊ. हे आख्यान महाराष्ट्रात इतके रुजलेले, की दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पहिला चित्रपट काढला तो ह्याच राजावर. हरिश्चंद्र विश्वामित्रास राज्य देऊन बसतो. वर दक्षिणा उरते. तिच्यापायी काशीच्या बाजारात तो तारामतीस व रोहिदासास एका ब्राह्मणास विकतो आणि स्वतः डोंबाच्या घरी राबतो. मुलगा सर्पदंशाने मरतो, आई प्रेत घेऊन स्मशानात येते, तर बाप तिच्याजवळ स्मशानाचा कर मागतो! ह्याहून कठोर प्रसंग रंगभूमीवर क्वचितच कोणी आणला असेल. मग देव प्रगट होतात, मुलगा उठून बसतो, गेलेले सर्व परत मिळते.

ह्यात राजा बदलला कोठे? तो बदलू नये, हीच तर त्या कथेची सारी धडपड! ह्याचे नाव सत्त्वपरीक्षा. सोने आगीत घालावयाचे ते सोनेच आहे हे पाहण्याकरिता. गांधीजींनी लहानपणी हे नाटक पाहिले व त्याचा त्यांच्या मनावर कायमचा ठसा उमटला, हे आम्ही जाणतो. सत्यासाठी एवढे सोसणाऱ्याची थोरवी आम्ही नाकारीत नाही. मार्कंडेय पुराणातला हरिश्चंद्र तर आपल्या प्रजेस सोडून एकटा स्वर्गात जावयास तयार होत नाही, हेही त्याच्या पदरात टाकले पाहिजे. परंतु ज्या डोंबाच्या घरचे काम त्याने केले, त्याचे काय? राजाला क्षत्रियाचा डोंब व्हावे लागले हा सर्वांत मोठा अनर्थ म्हणून आम्ही रडतो, आणि जो जन्मभर डोंबच राहिला त्याच्यासाठी एकही आसू काढीत नाही. पुराणकाराने तर ती अडचणच ठेवली नाही. तो डोंब मुळी डोंब नव्हताच, धर्माने घेतलेला तो वेष होता, असे सांगून तो मोकळा झाला!

ह्याउलट इंग्रजी नाटककार शेक्सपियरचा लियर राजा पाहावा. मुलींनी घराबाहेर काढलेला हा म्हातारा वादळात भिजत उभा असता त्यास एकाएकी उघड्यानागड्या, निराश्रित लोकांची आठवण होते, आणि राज्यावर असताना आपण त्यांची पर्वा केली नाही अशी कबुली तो देतो. पावसाने त्याचे डोळे धुतले, असेच म्हणावयाचे. त्याला राज्य परत मिळत नाही, पण त्याला काही दिसलेले असते.

मग आम्हांस असे नाटक परक्या मुलखातूनच आणावे लागते काय? मुळीच नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले, त्यात राजाही नाही आणि देवही नाही. एक कुणबी आहे, त्याची गरोदर बायको आहे. दारी जोशी येतो, ग्रहांची भीती घालतो, पोटातल्या मुलाच्या नावाने अनुष्ठाने व ब्राह्मणभोजने पदरात पाडून घेतो, आणि त्यापायी घर कर्जात बुडते. मध्ये विदूषक उभा राहून ह्या लबाडीची चिरफाड करीत असतो. पुढे एक पाद्री भेटतो, बोलाचाली होते, आणि ते नवराबायको शेवटी ठरवितात की आपण रात्रीच्या शाळेत जाऊन शिकावयाचे. जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीपुढे ठेवले, कमिटीने ते नाकारले. ते छापून निघावयास १९७९ साल उजाडले. सव्वाशे वर्षे ते कागदात पडून राहिले, आणि तेवढ्या काळात हरिश्चंद्राचे प्रयोग किती झाले ह्याची गणतीच नाही.

ज्ञान पाद्र्याच्या तोंडी का घातले, असा आक्षेप काही जण घेतात. त्यांनी एवढेच पाहावे, की ते जोडपे देवळातून निघून गिरिजाघरात शिरत नाही, शाळेत जाते.

आम्हांस ह्या नाटकात महत्त्वाचे वाटते ते निराळेच. जोशाने कुणब्यास लुबाडले ते काही पहिल्यांदाच नव्हे. त्याचा बाप लुबाडला गेला, आजा लुबाडला गेला. नुसत्या हालांनी माणूस शहाणा होत असता तर आमच्या कोकणचा कुणबी आणि महार केव्हाच सर्व जगाचे गुरू होऊन बसले असते! हाल मुबलक होते. नव्हते ते हालांविषयी प्रश्न विचारणारे माणूस. विदूषक तो प्रश्न प्रेक्षकांस विचारतो, पाद्री तो कुणब्यास विचारतो, आणि तेथून पुढे त्याच दुःखाचा अर्थ पालटतो. ‘नशीब’ म्हणत होता त्यास तो ‘फसवणूक’ म्हणू लागतो. एक शब्द बदलला की माणूस बदलला.

हे नाटकापुरतेच खरे आहे असे कोणी समजू नये. ह्या जिल्ह्यात खोतीने पिढ्यान्‌पिढ्या काय केले ते आमच्या वाचकांस सांगावयास नको. पीक खळ्यावर येताच खोताचा वाटा निघे, वेठीला बोलावणे आले की स्वतःचे शेत टाकून जावे लागे, आणि रागावलेल्या खोताच्या दारात म्हातारा माणूससुद्धा हात जोडून उभा राही. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे बिल मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणचे हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. कुणबी आणि महार एका मोर्चात! बिल तेव्हा संमत झाले नाही. खोती कायद्याने जावयास १९४९ साल यावे लागले. परंतु वाड्यावर जो माणूस मान वर करीत नव्हता तो राजधानीच्या रस्त्यावरून घोषणा देत गेला, हे पात्र कोणत्या नाटककाराने घडविले? ह्याहून मोठा पालट आम्ही तरी कोणत्या वगात पाहिला नाही.

सत्यशोधक जलशांनी हे ओळखले होते. त्यांनी तमाशाचा साचा तसाच ठेवला आणि आत शेतकरी व भटजी ह्यांचा सवालजबाब घातला. लोक हसत हसत घरी गेले, पण दुसऱ्या दिवशी भटजीस दोन प्रश्न विचारू लागले. नमनाचा साचा त्याहून कमी लवचीक नाही. मावशी आणि पेंद्या गवळणीत हल्लीच्या पुढाऱ्यांची टर उडवितात, तेव्हा अंगण दणाणून जाते, हे आम्ही दरसाल पाहतो. जो नट ऐन वेळी सुचलेल्या कोटीने सरपंचास खाली पाहावयास लावतो, त्यास विदूषकाचे काम शिकवावे लागणार नाही.

म्हणून मंडळांच्या चालकांस आमची सूचना आहे. ‘तृतीय रत्न’ लहान आहे. जोतीरावांच्या समग्र वाङ्मयाच्या पुढील आवृत्त्यांत ते मिळते. पात्रे मोजकी, सोंगे साधी. मुकुट नकोत, की रथ नको. कुणब्याचा पोषाख तर घरातच खुंटीवर आहे. तालमी गणपतीत चाकरमानी गावी येतील तेव्हा सुरू कराव्या, म्हणजे शिमग्यापर्यंत नाटक सहज बसेल. आणि ज्यांच्या घरी १९३८ च्या मोर्चास गेलेल्या आजोबांच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात, त्यांनी त्या एका वहीत लिहून काढाव्या. खोतीवरचा वग लिहावयास बसणाऱ्या पोरास त्या वहीची गरज पडेल.