मुंबईच्या समुद्रात डायनासोर संपवणारा खड्डा आहे का? उत्तर लोणारच्या दगडात आहे

‘डायनासोर मारणारी उल्का मुंबईजवळच पडली होती!’ अशी रील अधूनमधून फिरत असते. अरबी समुद्राचा नकाशा, त्यावर लाल गोल आणि मागे दणदणीत म्युझिक. दादर-गिरगावातल्या ग्रुपवर ती आली की प्रश्न एकच असतो: हे खरं आहे का?

दावा आला कुठून?

रील हवेतून आलेली नाही. अमेरिकेतले पुराजीवशास्त्रज्ञ शंकर चॅटर्जी यांनी ‘शिवा विवर’ ही कल्पना मांडली. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रतळाखाली सुमारे 600 बाय 400 किमीचा खड्डा आहे आणि आपलं तेलक्षेत्र बॉम्बे हाय म्हणजे त्याच्या मधला उंचवटा, असं त्यांचं म्हणणं. 2009 मध्ये अमेरिकेतल्या भूवैज्ञानिकांच्या परिषदेतही त्यांनी ते मांडलं.

अडचण पुराव्याची आहे. जगभरातल्या सिद्ध झालेल्या आघात विवरांच्या यादीत शिवाचं नाव नाही. याउलट मेक्सिकोतलं चिक्शुलूब विवर 1991 मध्ये पुढे आलं, 2016 मध्ये तिथे समुद्रात ड्रिलिंग करून दगडाचे गाभे काढले गेले आणि आघाताच्या खुणा हातात आल्या.

मग खड्डा ‘सिद्ध’ कसा होतो?

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच राज्यात आहे, बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. गुगल अर्थवर 19.976, 76.508 टाका आणि काठापासून काठापर्यंत मोजा. साधारण 1.8 किमी येईल. म्हणजे करी रोड स्टेशनपासून निघून परळ ओलांडून थोडं पुढे जाण्याएवढं. खोली सुमारे 150 मीटर. लालबागचा चाळीसेक मजली टॉवर आत जवळपास बुडेल.

पण नुसता गोल आकार पुरत नाही. ज्वालामुखीही गोल खड्डे करतो. लोणारबद्दल अनेक वर्षं हाच वाद होता, कारण आजूबाजूचा सगळा दगड ज्वालामुखीचाच, म्हणजे बेसाल्ट. त्यामुळे भूवैज्ञानिकांना शेतात, काठावर आणि तळाशी उतरून काम करावं लागलं. त्यांनी पाहिलं काय?

• काठ: दख्खनच्या लाव्हाचे थर एरवी आडवे असतात. लोणारच्या काठावर ते वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला झुकलेत.
• बाहेर फेकलेला माल: काठापलीकडे तुटलेल्या, वितळलेल्या दगडांचा थर पसरलाय.
• दगडाच्या आतली खूण: तळाला भोकं पाडून काढलेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट सापडलं. प्रचंड दाबाच्या धक्क्याने, न वितळताच, खनिजाची काच होते ती ही. ज्वालामुखीत असा दाब तयार होत नाही. 1973 मध्ये ‘सायन्स’मध्ये हा पुरावा छापून आला आणि वाद मिटला.

मुंबईशी संबंध काय?

मेट्रो-3 चा बोगदा खोदताना बेसाल्टसोबत ‘ब्रेशिया’ लागला. ब्रेशिया म्हणजे टोकदार तुकडे एकत्र चिकटून झालेला दगड. तो लोणारलाही मिळतो. पण मुंबईतला ब्रेशिया ज्वालामुखीच्या उद्रेकातून आलाय, लोणारचा आघातातून. दिसायला भावंडं, जन्मकथा वेगळी. फरक कळतो तो मायक्रोस्कोपखाली. म्हणून फोटो बघून कुणी ‘उल्कापाताचा दगड’ म्हणालं, तर विश्वास ठेवू नका.

वय तरी नक्की आहे का?

इथेही गंमत आहे. आधी एका पद्धतीने लोणारचं वय सुमारे 52 हजार वर्षं निघालं. 2011 मध्ये आघातात वितळून झालेल्या काचेतला आर्गॉन वायू मोजला, तर आकडा सुमारे 5 लाख 70 हजार वर्षांवर गेला. दहापटीहून जास्त फरक! असे प्रश्न सोडवायला पुन्हा त्याच जागेवर जाऊन नवे नमुने घ्यावे लागतात.

म्हणूनच जागा जपणं महत्त्वाचं

लोणार 2000 पासून अभयारण्य आहे आणि नोव्हेंबर 2020 मध्ये रामसर स्थळ झालं. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण सांगितलं: पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि मीठप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले. अलीकडे उलटं घडतंय. पातळी वाढून कमळजादेवीच्या देवळापर्यंत पाणी आल्याच्या बातम्या येतायत. गोडं पाणी वाढलं की खारेपणा उतरतो आणि तिथल्या सूक्ष्मजीवांचं जगच बदलतं. शिवाय काठाचा खालचा भाग पाण्याखाली जातो.

पर्यटकांचा वाटा वेगळाच. ‘आठवण’ म्हणून उचललेला खडा कायद्याने तर आणायचा नाहीच, पण विज्ञानाच्या दृष्टीनेही तो वाया जातो. तो कुठल्या थरात, कुठल्या बाजूला होता, यातच अर्धी माहिती असते. परळच्या शोकेसमध्ये आला की तो फक्त काळा दगड.

त्यामुळे पुढच्या वेळी रील आली की एवढंच विचारा: नमुना कुठे आहे, आणि त्यात धक्क्याची खूण कुणी पाहिली? लोणारकडे याचं उत्तर आहे. शिवाकडे अजून नाही.