नियमन हवे, पण उजेडात!

देवस्थानांच्या नावे बनावट संकेतस्थळे काढून भाविकांना लुबाडण्याचे प्रकार पाहिले की, आंतरजालाला कोणीतरी वेसण घालावी असे सज्जनांना वाटणे स्वाभाविकच होय. आम्हीही नियमनाच्या विरुद्ध नाही. आमचा आक्षेप आहे तो अंधारात चालणाऱ्या नियमनाला.

प्रथम या यंत्रणेचे स्वरूप ध्यानी घ्यावे. येथे संदेश सबंध जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात, प्रत्येकावर मुक्कामाचा पत्ता असतो, आणि मुक्कामी पोहोचल्यावर ते पुन्हा जुळतात. शिवाय बहुतेक मजकूर आता सांकेतिक कुलुपात प्रवास करतो. वाटेवरच्या सेवादात्याला संकेतस्थळाचे नाव बहुधा कळते. आतले पान कळत नाही. एकच पान रोखावयाचे, तर ते त्या स्थळाच्या चालकानेच काढले पाहिजे. एरवी सबंध स्थळालाच टाळे लागते. डिसेंबर २०१४ मध्ये याचा प्रत्यय आला. दहशतवादी प्रचार रोखण्यासाठी म्हणून आपल्या देशात ३२ संकेतस्थळे अडविली गेली. त्यांत जुने ग्रंथ जतन करणारे इंटरनेट अर्काइव्हही होते. चोर एका खोलीत, कुलूप साऱ्या वाड्याला!

कोणी म्हणेल, चूक झाली तर न्यायालय आहेच. आहे खरे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे मोघम असे ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. मजकूर अडविण्याचा अधिकार देणारे ६९-अ कलम मात्र त्याच निकालात कायम राहिले. कारण हुकुमाची कारणे लेखी नोंदवावी लागतात व त्यांना आव्हान देता येते. परंतु २००९ च्या नियमांतील सोळावा नियम तक्रार आणि कारवाई दोन्ही गुप्त ठेवावयास सांगतो. जो हुकूम दिसतच नाही, त्याविरुद्ध दाद मागावी तरी कशी? आंतरजाल सेवा खंडित करण्याचे हुकूम प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असे याच न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये बजावले. तोच न्याय येथे का नसावा?

देवळाचा जमाखर्च महाजनांच्या सभेपुढे ठेवावा लागतो. कारभारी अप्रामाणिक असतात म्हणून नव्हे, तर देवाच्या पैशाचा हिशेब चारचौघांना दिसला पाहिजे म्हणून. सरकारचा अधिकारही असाच विश्वस्ताचा आहे. सोळावा नियम रद्द व्हावा, लेखकाला कळविले जावे, आणि हुकूम कारणांसह प्रसिद्ध व्हावा, एवढीच आमची मागणी आहे.

आज दुसऱ्याचे दार बंद झाले म्हणून आनंद मानणाऱ्यांनी, उद्या आपल्याच देवळातील कीर्तनाचे ध्वनिमुद्रण नाहीसे झाले तर कारण कोणाला विचारावे, हे आजच ठरवून ठेवावे.