बाटलीतली गोळी की ताटातली भाजी?

वडील निवृत्त होऊन भिलाई-३ ला राहतात, मुलगा दूरदेशी नोकरीला. सुट्टीत घरी येताना तो मिठाईबरोबर व्हिटॅमिनच्या गोळ्यांची बाटलीही आणतो. “बाबा, रोज एक घेत जा. प्रोस्टेटचा कॅन्सर होणार नाही,” असे बजावतो. मुलाच्या मायेबद्दल शंका नाही. शंका आहे ती गोळीबद्दल.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची, अक्रोडाएवढी ग्रंथी. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांमुळे तिचा कॅन्सर टळेल, अशी आशा एके काळी शास्त्रज्ञांनाही होती. ती पडताळण्यासाठी २००१ मध्ये अमेरिका व कॅनडात ‘सिलेक्ट’ ही चाचणी सुरू झाली. पस्तीस हजारांहून अधिक निरोगी पुरुष तीत सहभागी झाले. काहीच फायदा दिसेना, म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. २०११ मध्ये तर उलटेच आढळले. सात वर्षांत, नुसते ई जीवनसत्त्व घेणाऱ्या दर हजार पुरुषांत ७६ जणांना हा कॅन्सर झाला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ६५ जणांना. सेलेनियमनेही बचाव झाला नाही.

मग खावे काय? दुर्ग जिल्ह्यात टोमॅटो भरपूर पिकतो. त्यातले लायकोपीन हे द्रव्य थोड्या तेलात शिजवल्यावर शरीराला अधिक मिळते. त्याने कॅन्सर टळतो, हे मात्र सिद्ध झालेले नाही. तरीही पालेभाज्या, डाळी, फळे असलेला आहार आणि रोजचे चालणे यांनी वजन आटोक्यात राहते, हृदयाचेही भले होते. लठ्ठपणात हा कॅन्सर अधिक उग्र रूप घेण्याचा संभव असतो, हेही ध्यानात ठेवावे.

खरा धोका आहे तो गोळीमुळे येणाऱ्या निर्धास्तपणाचा. सुरुवातीला हा आजार बहुधा काहीच लक्षण दाखवत नाही. पन्नाशीनंतर, आणि वडील किंवा भाऊ यांना हा कॅन्सर झाला असल्यास पंचेचाळिशीतच, पीएसए ही रक्ततपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे. रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे, धार बारीक होणे ही बहुतेकदा ग्रंथीच्या साध्या वाढीची लक्षणे असतात; पण लघवीतून रक्त गेल्यास एक दिवसही दवडू नये. संकोचापायी पुरुष हे सांगत नाहीत, तेव्हा घरच्यांनीच विचारावे.

मुलाने पुढच्या सुट्टीत बाटली आणू नये. वडिलांना डॉक्टरांकडे घेऊन जावे.